स्कॅन नॉर्मल आला म्हणून हिशेब मिटत नाही

"बाई, स्कॅन नॉर्मल आलाय, आता काळजीचं काही नाही." हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत. मुलगा टर्फवर आपटला, स्कूटरवरून पडला, दहीहंडीच्या सरावात दुसऱ्या थरावरून खाली आला. त्याच रात्री तुम्ही त्याला दवाखान्यात नेलंत, उसने पैसे काढून स्कॅन केलात. इथपर्यंत तुमचं चुकलं नाही. पण रिपोर्टवर 'नॉर्मल' वाचलंत आणि तिसऱ्या दिवशी पोराच्या पाठीला दप्तर अडकवलंत. शाळा, शाळेतून क्लास, क्लासमधून पुन्हा मैदान. महिन्याभराने तोच मुलगा डोकं धरून बसतो, तेव्हा तुम्ही मला येऊन विचारता, "बाई, याचं अभ्यासात लक्ष का लागत नाही?" आजच्या पालकसभेत प्रश्न मी विचारणार आहे. मोबाइल खिशात ठेवा आणि नीट ऐका.

स्कॅनमध्ये काय दिसतं? कवटीचं हाड मोडलं आहे का, आत रक्तस्राव झाला आहे का, हे दिसतं. तसं काही नाही हे कळणं मोलाचंच आहे. पण मेंदूला बसलेला हादरा, ज्याला डॉक्टर कन्कशन म्हणतात, तो त्या स्कॅनमध्ये दिसत नाही. डोकं आपटलं किंवा मानेला जोराचा हिसका बसला की कवटीच्या आत मेंदू हलतो. पेशींमधल्या क्षारांचा तोल जातो. तो सावरायला मेंदूला जास्तीची ऊर्जा लागते आणि नेमका त्याच काळात तिथला रक्तपुरवठा मंदावलेला असतो. हाड शाबूत, रक्त कुठेही सांडलेलं नाही, तरी मेंदूचं काम बिघडलेलं असतं. त्यासाठी मूल बेशुद्ध पडायला हवं असंही नाही. बहुतेक मुलं शुद्धीवरच असतात, उठून उभी राहतात, "काही नाही झालं" म्हणतात. तुम्हाला तेवढंच ऐकायचं असतं.

कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत असा मार लागून आलेल्या, ५ ते १८ वयाच्या तीन हजारांवर मुलांचा मागोवा डॉक्टरांनी घेतला. २०१६ साली तो 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दर दहांतल्या साधारण तीन मुलांना चार आठवडे उलटल्यावरही त्रास होत होता. डोकेदुखी, चक्कर, उजेड आणि आवाज सहन न होणं, थकवा, विसराळूपणा, चिडचिड. दहांतली सात मुलं महिन्याभरात बरी होतात हेही खरं. पण तुमचं मूल सातांत आहे की तिघांत, हे स्कॅनचा कागद सांगत नाही. ते कळायला मुलाकडे रोज बघावं लागतं, आणि बघायला तुम्हाला सवड नाही.

मी बघते. आठवीतला एक मुलगा, नाव घेणार नाही. फळ्यावर मी समीकरण लिहिते. तो पहिली ओळ उतरवतो, मान वर करतो, फळ्यावरची जागा शोधतो. सापडत नाही. पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरू करतो. ट्यूबलाइटखाली बसवलं की डोळ्यांवर आडवा हात धरतो. मधल्या सुट्टीची घंटा झाली की दोन्ही कान दाबून घेतो. त्याची वही उघडून बघा. समीकरणाच्या उजव्या बाजूचं ऋण चिन्ह गळलेलं आहे, तिसऱ्या पायरीनंतर ओळ तिरकी होत समासाबाहेर गेली आहे, चौथी पायरी नाहीच. पाढे त्याला पाठ आहेत. सात आठे विचारलं तर छप्पन्न म्हणतो, पण मधे एवढा वेळ जातो की मागच्या बाकावरची मुलं हसायला लागतात. जूनमध्ये हाच मुलगा माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करायचा.

घरी त्याला तुम्ही काय म्हणता तेही मला ठाऊक आहे. नाटकं करतोय. मोबाइलने डोकं फिरलंय. कुणाची तरी दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, शेजारच्या काकूंनी सांगितलेलं तेल चोळून झालं. शेवटी रात्री जागतो आणि सकाळी उठत नाही म्हणून कानाखाली वाजवून झालं. डोक्याला मार लागलेल्या मुलाच्या कानाखाली! हात आवरा. पायाला प्लास्टर असतं तर त्याला जिना चढायला लावलं असतंत का? प्लास्टर डोळ्यांना दिसतं म्हणून घरदार हळवं होतं. हा मार दिसत नाही म्हणून त्याच घरदाराने पोराला खोटारडं ठरवायचं, हे मी खपवून घेणार नाही.

आता पैशांकडे येते, कारण हे सगळं पैसे वाचवायच्या नावाखाली चाललं आहे. "दोन दिवस घरी ठेवलं तर हिचं काम बुडतं." "क्लासची फी भरून बसलोय." "मॅच तोंडावर आली आहे." ठीक. मी गणित शिकवते, हिशेब फळ्यावरच मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, त्यांच्या जागी तुमच्या घरचे घाला.

वडील वालीवला एका गाळ्यात कामाला, दिवसाला ८०० रुपये. डोकेदुखी थांबत नाही म्हणून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरतं. खासगीत परवडत नाही, म्हणजे परळचं केईएम नाहीतर वाडिया. पहाटेची लोकल, केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, औषधांची रांग, आणि संध्याकाळच्या विरार गाडीच्या गर्दीत डोकं दुखणाऱ्या मुलाला छातीशी धरून परत. पूर्ण दिवस गेला. अशा आठ फेऱ्या धरा, ६,४०० रुपये मजुरी बुडाली. आई घरबसल्या इमिटेशन दागिन्यांना खडे चिकटवते, दिवसाचे २०० मिळतात. मूल घरी आहे, त्याला एकटं ठेवता येत नाही, दिवसभर त्याच्याजवळ बसायचं, वाचून दाखवायचं. तिचं काम दोन महिने बंद, १२,००० रुपये गेले. क्लासची वर्षाची फी ३०,०००, आधीच भरलेली, परत मिळत नाही. तीन महिने मुलगा तिथे गेला नाही किंवा नुसता बसून आला, ७,५०० पाण्यात. बेरीज करा. २५,९००. यात मी एक गोळी धरलेली नाही, एक स्कॅन धरलेला नाही, डॉक्टरांची फी नाही, रेल्वेचं तिकीट नाही.

आणि पहिले दोन दिवस मुलाला घरी ठेवायला काय लागलं असतं? आईचे ४०० रुपये.

विश्रांती दिली की प्रत्येक मूल वाचतंच, असं मी म्हणत नाही. सगळं नीट करूनही काहींचा त्रास रेंगाळतो, त्यात आईबापांचा दोष नसतो. पण ज्यांनी काहीच नीट केलं नाही, त्यांनी नशिबावर खापर फोडू नये. त्यांची फळ्यावरची बेरीज इथे थांबतही नाही. एका डॉक्टरांच्या औषधाला आठवड्यात गुण आला नाही की तुम्ही दुसरा डॉक्टर गाठता. तो पुन्हा पहिल्यापासून तपासतो, पुन्हा स्कॅन, मग एमआरआय. मग कुणीतरी सांगतं नंबर बदलला असेल, म्हणून चष्मा. मग टीव्हीवर दिसलेली स्मरणशक्तीची पावडर. डोकं दुखलं की मेडिकलमधून सुटी गोळी आणून द्यायची हे तर रोजचंच. डोकेदुखीच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे रोज घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण तुम्ही डॉक्टरांना विचारलंच नाहीत. भिशी आधी उचलली, ती संपली. पतपेढीचा हप्ता सुरू झाला. नववीला मुलगा नापास झाला तर वर्षभराची फी, व्हॅन, पुस्तकं, सगळं पुन्हा. या आजाराचा पैसा एकदम जात नाही. शंभर-दोनशेने, बुडालेल्या खाड्यांनी, मोडलेल्या भिशीने जातो, म्हणून तुमच्या लक्षात येत नाही. गळ्यातलं गहाण पडतं तेव्हा लक्षात येतं.

"विमा आहे ना बाई." आहे, पण कशाला आहे ते वाचलंत का? खासगी मेडिक्लेम साधारणपणे चोवीस तास दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाही. सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, जी २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली आणि आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते, तीसुद्धा रुग्णालयात दाखल करून करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे. कवटी फुटली, ऑपरेशन लागलं, तर ती उभी राहते. रेंगाळणाऱ्या डोकेदुखीच्या मुलाला दाखल करायचंच नसतं. त्याचा सगळा उपचार बाह्यरुग्ण विभागात, घरी आणि शाळेत होतो. म्हणजे योजनेचा हात जिथे पोचत नाही नेमका तिथेच तुमचा पैसा जातो. म्हणून तर पहिल्या आठवड्यात शहाणपण दाखवायचं असतं. विम्यातून पैसे निघावेत म्हणून मुलाला नाहक एक रात्र सलाइन लावून ठेवायची युक्ती जे करतात, त्यांनी ती इथेच सोडून द्यावी. रात्रभर उजेड, मॉनिटरचे आवाज, दर दोन तासांनी कुणीतरी उठवतंय. ज्याला उजेड आणि आवाज सोसत नाही त्याला तिथे ठेवून काय साधलंत? डॉक्टर स्वतःहून ठेवायला सांगतील तेव्हा मात्र ठेवा.

गोखिवरे, सातिवली, वालीव या पट्ट्यात कामाला असणाऱ्यांनी कान उघडे ठेवा. पगार महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयसीचा कामगार विमा कापला जात असेल, तर तुमच्या मुलाचा बाह्यरुग्ण उपचारही त्यात बसतो. तुमच्या पगाराचा पाऊण टक्का तुम्ही भरता, सव्वातीन टक्के मालक भरतो. पैसे दर महिन्याला कापून घेऊ देता आणि कार्डावर मुलाचं नाव चढवायला वर्षानुवर्षं जात नाही. हा आळस तुम्हाला परवडत नाही. ज्यांचं कापलंच जात नाही त्यांनी मुकादमाला विचारायचं धाडस करावं. चारजण मिळून विचारा.

आता स्वस्तातलं औषध सांगते. पहिले एक-दोन दिवस घरी शांतपणे. झोपू द्या, अंधाऱ्या खोलीत कोंडू नका. या दोन दिवसांत मोबाइल आणि टीव्ही बंद. अमेरिकेत १२ ते २५ वयाच्या रुग्णांवर केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. पहिले ४८ तास पडद्यापासून दूर राहिलेल्यांचा त्रास साधारण साडेतीन दिवसांत ओसरला, पडदा बघणाऱ्यांना आठ दिवस लागले. मोबाइल काढून घ्यायला पैसे लागत नाहीत. तुमचा स्वतःचाही जरा बाजूला ठेवावा लागतो, तेवढंच जड जातं.

दोन दिवसांनंतर उलटी चूक करू नका. काही घरांत मूल पंधरा पंधरा दिवस पडद्यामागे निजवून ठेवलं जातं. दूध-बदाम चालू, शाळा बंद, मित्र बंद. ११ ते २२ वयाच्या रुग्णांना पाच दिवस सक्त विश्रांती दिली, तेव्हा त्यांनी एक-दोन दिवस विश्रांती घेतलेल्यांपेक्षा जास्त तक्रारी सांगितल्या, हे २०१५ च्या अभ्यासात दिसलं. तेव्हा तिसऱ्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून हळूहळू उठवा. सकाळी दहा मिनिटं चालवा, डोकं जड झालं की थांबवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्रास वाढणार नाही इतपत रोज व्यायाम करणारी १३ ते १८ वयाची मुलं साधारण १३ दिवसांत सावरली, नुसते अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांना १७ दिवस लागले, असं २०१९ साली छापून आलं आहे. वसईत राहणाऱ्यांना सुरुची बागेचा किनारा आहे, विरारकरांना अर्नाळा आहे, नालासोपाऱ्यात गल्लीबोळ आहेत, तेही पहाटे रिकामे असतात. चालायला तिकीट नाही.

हे सगळं तेव्हा, जेव्हा डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं आहे. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, उठवूनही न उठणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद जाणं, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, नाकाकानातून पाण्यासारखं काही येणं, यातलं एक जरी दिसलं तरी माझं भाषण आठवत बसू नका, रिक्षा पकडा आणि रुग्णालय गाठा. झटका आला म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात एक मिनिट घालवू नका.

मुलींच्या आयांना वेगळं सांगते, त्यांनी खाली बघू नये. कॅनडाच्या त्याच अभ्यासात कुणाचा त्रास रेंगाळण्याची शक्यता जास्त, हेही काढलं होतं. मुलगी असणं, वय तेरा किंवा त्याहून जास्त असणं, आधीपासून अर्धशिशी असणं, पूर्वी असाच मार लागून आठवड्याहून जास्त त्रास झालेला असणं. आणि आपल्याकडे काय होतं? मुलगी टँकरच्या रांगेत घसरून पडते, संडासच्या ओल्या लादीवर डोकं आपटतं, आणि ती संध्याकाळी भांडी घासायला बसते. डोकं दुखतं म्हणाली तर पाळी जवळ आली असेल. अभ्यास नको म्हणाली तर पुढे शिकून कुठे दिवे लावायचेत. मुलाला स्कॅनपर्यंत तरी नेलंत, हिला बाम लावून गप्प केलंत. तिच्या उपचाराला पैसा लागला नाही म्हणून तुम्हाला तो खर्च वाटत नाही. दहावीच्या आधीच तिची शाळा सुटते तेव्हा किती गेलं, याचा हिशेब या तालुक्यात कुणीही मांडत नाही. मी मांडते, माझ्या हजेरीपटावर. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीच्या डोक्याला मार लागला तर दुसऱ्या दिवशी मला कळलं पाहिजे आणि पंधरा दिवस तिच्या हातात भांडं द्यायचं नाही. भावाला द्या.

मैदानाकडे वळते. विरारच्या पृथ्वी शॉचं नाव घेतल्याशिवाय इथल्या एकाही बापाचं क्रिकेटचं बोलणं पुरं होत नाही. विरारहून किट उचलून लोकलने वांद्र्याला जाणारा पोर, २०१३ साली हॅरिस शिल्डमध्ये ५४६ धावा. त्याच्या कष्टांना माझा मान आहे. पण त्याच्या धावा तुम्हाला पाठ आहेत आणि कॅनबेराची गोष्ट तुम्ही विसरलात. डिसेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टी-ट्वेंटीत मिचेल स्टार्कचा चेंडू रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर बसला. जडेजाने नाबाद ४४ केल्या होत्या. तरी दुसऱ्या डावात त्याला उतरवलं नाही, त्याच्या जागी चहल आला. डोक्याला मार लागलेल्याच्या जागी दुसरा खेळाडू उतरवायचा हा नियम आयसीसीने १ ऑगस्ट २०१९ पासून लागू केला. वाढलेल्या, सरावलेल्या, संघाचा डॉक्टर शेजारी उभा असलेल्या खेळाडूला बाहेर बसवतात, आणि रात्रीच्या बॉक्स क्रिकेटमध्ये तुमच्या बारा वर्षांच्या पोराला "चल ऊठ, रडतोस काय मुलींसारखा" म्हणून पुन्हा यष्टीपुढे उभं करतात. तुम्ही जाळीबाहेर उभे राहून टाळ्या वाजवता.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात झॅकरी लिस्टेड नावाचा तेरा वर्षांचा मुलगा होता. २००६ साली अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात डोकं आपटलं, थोडा वेळ बसवून त्याच सामन्यात पुन्हा उतरवलं. सामना संपल्यावर तो कोसळला. मेंदूवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, पुन्हा बोलायला, पुन्हा उभं राहायला वर्षं गेली. २००९ साली त्या राज्याने त्याच्या नावाने कायदा केला. संशय आला की मूल मैदानाबाहेर, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय परत नाही. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेच्या सगळ्या राज्यांनी असे कायदे केले. आपल्याकडे तसा कायदा नाही, पण नियम करायला कुणी हात धरलेला नाही. टर्फच्या मालकाने, अकादमीच्या सरांनी, गावातल्या फुटबॉल स्पर्धेच्या आयोजकांनी हा एक नियम भिंतीवर लिहायला किती खर्च येतो? एका रंगाच्या डब्याचा. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला तर बरं व्हायला कितीतरी जास्त दिवस लागतात, आणि क्वचित मूल जातं. हेल्मेटने कवटी वाचते, मेंदूचा हादरा पूर्ण थांबत नाही. तरीही सीझन बॉलवर हेल्मेटशिवाय उभं करणाऱ्या बापाला मी बाप म्हणणार नाही. बॅटला हजारो रुपये देता आणि हेल्मेट मित्राचं, सैल, एकदा तडा गेलेलं.

स्कूटरवर पुढे एक पोर, मागे दोन, तिघांतल्या एकाच्याही डोक्यावर काही नाही, हे मी आचोळे रोडवर रोज सकाळी बघते. तुमच्या स्वतःच्या डोक्यावर आहे, कारण पोलीस तुम्हाला पकडतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. खड्डे आहेत, मान्य. खड्ड्यांसाठी महापालिकेशी भांडा, मी तुमच्यासोबत सही करीन. पण खड्डा बुजेपर्यंत पोराचं डोकं उघडं का?

आणि गोविंदा पथकं. सण कुणी बंद करायला सांगत नाही. पण मुंबई उच्च न्यायालयापुढे २०१७ मध्ये सरकारने स्वतः सांगितलं की चौदा वर्षांखालच्या मुलांना थरांवर चढू देणार नाही. २०२२ मध्ये याच खेळाला साहसी खेळाचा दर्जा मिळाला, गोविंदांना विमा मिळाला, सगळ्यांनी पेढे वाटले. ते संरक्षण मुख्यतः मृत्यूला आणि अपंगत्वाला आहे. वरच्या थरासाठी वजनाने हलकं म्हणून तुम्ही ज्या सहावीतल्या पोराला पथकाच्या हवाली करता, त्याच्या नोव्हेंबरपर्यंत दुखणाऱ्या डोक्याचे पैसे कोण देणार? पथकाचा दादा त्या रात्री दवाखान्यात येतो, पाचशेची नोट आईच्या हातात ठेवतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत दिसत नाही.

माझ्या सहकाऱ्यांनो, तुम्हीही सुटणार नाही. मागे उभे राहून हसू नका. डोक्याला मार लागून आलेल्या मुलाला घटक चाचणी चुकली म्हणून उभं करणारे तुमच्यातच आहेत. पहिले काही दिवस अर्धा दिवस शाळा, मग पाऊण, मग पूर्ण. बसायची जागा दारापाशी, ट्यूबलाइटपासून लांब. फळ्यावरचं उतरवायला लावू नका, शेजारच्या मुलाच्या वहीची झेरॉक्स द्या, पानाला दोन रुपये पडतात आणि ते शाळेने द्यायचे. चाचणी तोंडी घ्या नाहीतर पुढे ढकला. खेळाच्या तासाला त्याला ग्रंथालयात एकटं डांबू नका, गुण लिहायला मैदानाच्या कडेला सावलीत बसवा. मुलगा सुस्त दिसला तर घरी फोन करा, हजेरीपटावर लाल शेरा मारू नका. वर्गात पाऊणशे मुलं आहेत हे कारण मलाही माहीत आहे, मीही त्याच वर्गात उभी असते.

मुख्याध्यापकांना सगळ्यांसमोर विचारते. शाळेच्या आवारात कोण कधी पडलं, कुणाला कळवलं, याची नोंदवही कुठे आहे? पहिली ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचा प्रस्ताव शाळेमार्फत जातो. किती पालकांना आपण हे सांगितलं? पालकांनी मागितला तर अर्ज मिळतो, असं म्हणून चालणार नाही. ज्याला योजना आहे हेच ठाऊक नाही तो मागणार कसा? रुग्णालयाची बिलं, केसपेपर, डिस्चार्जचा कागद, औषधांच्या पावत्या पालकांनी एका पिशवीत ठेवाव्यात, काहीही फेकू नये. कशाला पैसे मिळतात आणि कशाला नाहीत हे शाळेने वाचून सांगावं, कागद भरून द्यावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी मी शनिवारी शाळा सुटल्यावर बसेन.

एवढं सगळं ऐकून घरी गेल्यावर आई म्हणेल, "बाई ओरडल्या," बाप म्हणेल, "त्यांना काय जातंय." बापांनो, माझं जातं. तुमची पोरं माझ्या वर्गात आहेत. जूनमध्ये ज्याच्या हुशारीवर मी भरवसा ठेवला, त्याला दिवाळीनंतर तीन ओळी उतरवता येत नाहीत, हे बघायची माझी तयारी नाही. तुम्ही गरीब आहात, तुमचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची चूल, हे मी विसरलेली नाही. म्हणूनच ओरडते आहे. ज्याच्या घरी पैसा आहे त्याचं पोर तीन महिने डोकं धरून बसलं तरी त्याचं घर चालतं. तुमचं चालत नाही.

ज्यांच्या मुलांच्या डोक्याला या सत्रात मार लागला आहे त्यांनी सभा संपल्यावर थांबावं. जिथे कळलं तिथून नावं मी लिहून आणली आहेत, जिथे लपवलंत तिथे आता हात वर करा. प्रत्येकाला एक कागद देणार आहे. शाळेत किती तास बसायचं, घरी काय बंद, किती चालायचं, डॉक्टरांना काय विचारायचं. खाली तुमची सही हवी, आणि मुलगा जिथे खेळायला जातो तिथल्या सरांचा फोन नंबर. आज संध्याकाळी त्यांना मीच फोन करणार आहे.